तारायंत्राचा कायदा आणि खाचरातला मनोरा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत फिरताना विजेचे उंच मनोरे नजरेतून सुटत नाहीत. भातखाचरं, माळ, डोंगरउतार ओलांडत जाणाऱ्या यांतल्या कितीतरी वाहिन्या शेजारच्या भिवंडी तालुक्यातल्या पडघा उपकेंद्राला मिळतात. १९९९ साली चंद्रपूरहून सुमारे साडेसातशे किलोमीटर लांबीची, १५०० मेगावॉट क्षमतेची एकदिश प्रवाहाची वाहिनी इथेच येऊन पोहोचली. खाचरात मनोरा उभा राहिला तरी सातबारा शेतकऱ्याच्याच नावावर राहतो. मात्र तारांखाली आंबा लावता येत नाही की घर बांधता येत नाही. जमीन त्याची, पण वापर दुसऱ्याचा. हे कोणत्या कायद्यानं घडतं? उत्तर ऐकून नवल वाटेल. तारायंत्राच्या!

भारतीय तार अधिनियम १८८५ सालचा. तेव्हा देशात विजेचं जाळं नव्हतं. संदेश नेणाऱ्या तारेसाठी खांब रोवायचे होते. एकेका मालकाशी खरेदीखत करत बसलं असतं, तर तार पुढच्या गावालाही लवकर पोहोचली नसती. म्हणून कलम १० नं सरकारला कोणाच्याही जमिनीत खांब रोवण्याचा अधिकार दिला. पण तीन अटी घातल्या. हक्क फक्त वापराचा राहील, नुकसान कमीत कमी करायचं आणि जे होईल त्याची पूर्ण भरपाई द्यायची. १९१० च्या वीज कायद्यानं हेच अधिकार वीज नेणाऱ्यांनाही देता येतील, अशी सोय केली. २००३ च्या कायद्यात कलम १६४ नं ती कायम राहिली. पुढे २०२३ च्या दूरसंचार कायद्यानं जुन्या तार अधिनियमाची जागा घेतली, तरी वीजवाहिन्यांपुरता हा भाग चालूच ठेवला आहे.

धरणाची गोष्ट निराळी. तिथे जमीनच जाते. टाटांच्या जलविद्युत कंपन्यांनी खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) आणि भिरा (१९२७) इथून मुंबईला वीज दिली. मुळशीसाठी १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा आधार घेतला गेला, तेव्हा १९२१ साली तिथले शेतकरी सत्याग्रहाला उभे राहिले. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखालचा हा लढा १९२४ पर्यंत चालला. धरण शेवटी झालंच. मुळशीच्या विजेसाठीचा निळा-मुळा खोऱ्याचा परवाना याच १९२१ सालचा. अशा परवान्यांतल्या शब्दांना किती आयुष्य असतं पाहा. टाटांना मुंबईत किरकोळ ग्राहकांना वीज विकता येते का, असा वाद रिलायन्सशी उभा राहिला. जुलै २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं टाटांच्या बाजूनं निकाल दिला तो १९०७ पासूनचे हे परवाने वाचूनच.

शहापूरकरांना वीज जुनीच ओळखीची. १९२९-३० च्या सुमारास रेल्वे विजेवर कसारा घाट चढू लागली. भातसा धरणाचं पाणी मुंबईला जातं आणि पायथ्याशी १५ मेगावॉटचं वीजघर चालतं. तालुक्यातल्या चोंढे इथे घाटघर प्रकल्पाचं खालचं धरण आहे. मागणी कमी असताना पाणी सह्याद्रीवर चढवायचं आणि मागणी वाढली की खाली सोडायचं, असा हा २५० मेगावॉटचा प्रकल्प २००८ मध्ये सुरू झाला.

एकीकडे वीज कंपन्यांचं कायद्याचं काम फुगत गेलं. १९९९ मध्ये राज्यात वीज नियामक आयोग आला, २००५ मध्ये वीज मंडळाच्या चार कंपन्या झाल्या. दरवाढीच्या याचिका, खरेदीचे करार, वनखात्याच्या परवानग्या, दिल्लीच्या न्यायाधिकरणातली अपिलं यांसाठी आज कंपन्यांकडे स्वतंत्र विधी विभाग असतात आणि मुंबई-दिल्लीचे नामांकित वकीलही.

दुसरीकडे खाचराचा मालक असतो. त्यानं काम अडवलं तर जिल्हाधिकारी कामाला परवानगी देऊ शकतात. कलम १६४ खाली अधिकार मिळालेल्या कंपनीला जमीनमालकाची संमती लागत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१६ मध्ये दिला. म्हणजे लढाई उरते ती भरपाईची. रक्कम अपुरी वाटली तर जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज करता येतो. भरपाईचं एकच ठरावीक गणित सर्वत्र लावता येणार नाही, जागा कुठे आहे, तार कशी जाते, जमिनीचा उपयोग किती घटतो हे पाहावं लागेल, असं न्यायालयानं २००७ मध्ये एका केरळच्या प्रकरणात सांगितलं. केंद्राच्या २०१५ च्या मार्गदर्शक तत्त्वांत मनोऱ्याखालच्या जागेसाठी जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के आणि तारांखालच्या पट्ट्यासाठी १५ टक्क्यांपर्यंत भरपाई सुचवली होती. जून २०२४ मध्ये हे आकडे २०० आणि ३० टक्के झाले.

पण आकडे गावात पोहोचायला वकील लागतो. शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्र आहे. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली यांची ही भूमी. ठाण्याच्या कोर्टाची एक खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडाली. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ याच्या कलम १२ नुसार अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो. तो मागण्याची जागा म्हणजे तालुका विधी सेवा समिती, नाहीतर जिल्ह्याचं प्राधिकरण. सोबत पंचनाम्याची प्रत, तोडलेल्या झाडांची मोजदाद, सातबारा आणि काम सुरू होण्यापूर्वीचे फोटो असावेत. कंपनीचा वकील कागद घेऊनच उभा राहतो. शेतकऱ्याच्या वकिलाच्या हातीही कागद हवेत. ‘पूर्ण भरपाई’ हे शब्द १८८५ पासून कायद्यात आहेत, पण ते मागणाऱ्यालाच मिळतात.