पळस पंचांग पाहत नाही

फाल्गुन लागला की पुण्याहून पिरंगुटचा घाट उतरताना पळस फुललेला दिसतो. पानं झडलेली, अंगभर केशरी फुलं. गावात कारखाने आले, वस्ती वाढली. तरी उरलेला पळस वेळ चुकवत नाही. वेळ चुकते ती माणसांच्या पंचांगांची.

हिजरी वर्ष चंद्राचं, साधारण ३५४ दिवसांचं. ते दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतं. म्हणून आमची ईद कधी उन्हाळ्यात, कधी थंडीत. मराठी महिनेही चंद्राचेच. पण अधिक महिना धरून ते ऋतूंशी मेळ राखतात. त्यामुळे शिमगा आणि पाडवा वसंताची वाट सोडत नाहीत. पारशी मंडळींच्या शहेनशाही पंचांगात लीप वर्षाचा दिवस नाही. त्यांचं नववर्ष सरकत सरकत ऑगस्टात गेलं. तरी २१ मार्चच्या सुमारास, दिवस-रात्र समान होतात तेव्हाचा जमशेदी नवरोज त्यांनी जपला. इराणात इस्लाम आल्यावरही नवरोज टिकला. अकबराने तो दरबारात थाटाने साजरा केला, औरंगजेबाने दरबारातून हटवला. दुसऱ्याचा सण आपला कसा, हा प्रश्न तेव्हाही होताच.

त्याचं एक उत्तर दिल्लीत आहे. भाचा वारल्यावर हजरत निजामुद्दीन औलिया हसायचे थांबले. वसंत पंचमीला पिवळी वस्त्रं नेसून, मोहरीची फुलं घेऊन देवळाकडे निघालेल्या बायका अमीर खुसरोने पाहिल्या. तोही तसाच नटून गुरूपुढे गेला आणि गुरू हसले, अशी आख्यायिका आहे. त्या दर्ग्यात आजही वसंत साजरा होतो. आपल्या दख्खनेतही गोवळकोंड्याचा सुलतान मुहम्मद कुली कुतुबशहा (राज्यकाळ १५८० ते १६१२) याने दखनीत वसंतावर कविता केल्या.

मला वसंत शेजारच्या घरातून मिळाला. पाडव्याला भिंतीवरून कडुनिंबाची पानं आणि गूळ यायचा; ईदला आमच्याकडून शिरखुर्म्याची वाटी जायची. या दोन सणांची गाठ क्वचितच पडते. २०२५ साली ती पडली. ३० मार्चला पाडवा, ३१ला ईद. पाडव्याच्या संध्याकाळी शेजारी गुढी उतरवत होते, आम्ही गच्चीवर चंद्र शोधत होतो. कोर आधी त्यांच्या नातवाला दिसली. तोच ओरडला, "चाचा, तो बघा!"