चालू कामांची यादी

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं पूर्ण झालेला टिफ्रॅक हा संगणक एका वेळीं एकच काम करी. त्यामुळें कोणकोणतीं कामें चालू आहेत, हें विचारण्याचें कारणच नव्हतें. १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत युनिक्स प्रणाली जन्मली. पुढें एकाच यंत्रावर अनेकांचीं कामें चालूं लागलीं आणि १९७३ च्या सुमारास ‘पीएस’ ही आज्ञा आली. मिरकरवाडा बंदरांतील होड्यांची नोंद ठेवावी, तशी ती प्रत्येक कामाचा क्रमांक सांगते. ‘पीएस -ईएफ’ असें लिहिल्यास सर्वांचीं कामें धन्याच्या नांवासह दिसतात. मात्र ही यादी त्या एका क्षणाचीच असते. म्हणून रत्नागिरीच्या कचेरींतील व्यवस्थापकानेंही अडलेलें काम थांबविण्यापूर्वीं ती पुन्हां पाहावी; क्रमांक चुकल्यास दुसऱ्याचेंच काम बंद पडतें.