प्रतिमानिदानातील संवादी बहुमाध्यमे

प्रतिमानिदानाच्या (रेडिऑलॉजीच्या) शिक्षणासाठी आणि तपासणीचा निष्कर्ष उपचार करणाऱ्या डॉक्टरांपर्यंत पोचवण्यासाठी चित्र, चलत्‌चित्र, ध्वनी व मजकूर यांचा एकत्रित वापर. यात पाहणारा प्रतिमा स्वतः हाताळतो.

व्हिल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले. त्यानंतर अनेक दशके फिल्म आणि प्रकाशपेटी यांवरच अध्यापन चाले. १९७१ मध्ये लंडनला पहिल्या रुग्णाचे सीटी स्कॅन झाले. आज एका तपासणीत शेकडो छेद (शरीराच्या पातळ कापांच्या प्रतिमा) मिळतात. छापील ग्रंथात त्यांतले दोन-तीनच मावतात, तेही बाण काढून दाखवलेले. पण विकृती हुडकणे हेच तर खरे कौशल्य! संवादी पाठात विद्यार्थी छेद वरखाली सरकवतो, 'विंडो' (घनतेच्या मापांपैकी पडद्यावर दाखवायची कक्षा) बदलतो. सीटीतील ही घनता मोजणाऱ्या हाउन्सफील्ड मापश्रेणीत पाणी ०, हवा उणे १०००. त्यामुळे छातीचा एकच छेद फुप्फुसाच्या विंडोत एक गोष्ट सांगतो, हाडाच्या विंडोत दुसरी. हा फरक व्याख्यानापेक्षा हाताने लवकर कळतो.

'डायकॉम' या समान मानकामुळे निरनिराळ्या यंत्रांवरील प्रतिमांची देवाणघेवाण शक्य झाली. फ्रँक गेलार्ड यांनी २००५ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू केलेल्या 'रेडिओपीडिया'वर असंख्य रुग्णांचे छेद मोफत पाहता येतात.

बहुमाध्यम अहवालात 'यकृतातील गाठ' या शब्दांवर टिचकी मारताच नेमका छेद उघडतो. शस्त्रक्रियेपूर्वी सर्जनला याचा मोठा आधार होतो. तातडीचा निष्कर्ष मात्र फोनवरच सांगावा. अध्यापनासाठी प्रतिमा वापरताना रुग्णाचे नाव पुसणे आवश्यक असते. सोनोग्राफीत ते अनेकदा चित्रातच उमटलेले असते.