कोयता, उचल आणि पिशवी

१९७२च्या दुष्काळानंतर बीड जिल्ह्यातून पश्चिम महाराष्ट्राच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या ऊसतोड मजुरांची संख्या वाढत गेली. दसरा-दिवाळीच्या सुमारास धारूर, वडवणी, शिरूर कासार भागातली गावे ओस पडू लागली. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मजूर पुरवणारा मुकादम दोघांवर मिळून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो. एकाने काम चुकवले की खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, पडतो आणि त्याचे पैसे उचलीत चढतात. पाळी, अंगावरून जाणे, बाळंतपण यांना या हिशेबात जागाच नाही. भल्या पहाटे फडात उतरायचे, डोक्यावरून मोळ्या वाहायच्या. मुक्काम कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, जिथे ना न्हाणीघर ना संडास.

अंगावर काढलेल्या दुखण्यावर खासगी दवाखान्यांत ‘पिशवी’, म्हणजे गर्भाशय, काढणे हा उपाय रुळला. कॅन्सरची भीती घातली जाई, हेही खरे. या शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी २०१९मध्ये आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती नेमली गेली. जिल्ह्यात पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांत अनेकजणी चाळिशीच्या आतल्या होत्या. एवढ्या आकड्याचे कारण केवळ शरीरात शोधणे व्यर्थ आहे. पुढे जिल्ह्यात या शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. उचल आणि खाडा मात्र तसेच राहिले.