कार्ब्युरेटर इंजिनाचे ट्यूनिंग : नोंदी व नॉकचा वेध

कार्ब्युरेटरच्या इंजिनात इंधनाचे प्रमाण जेट, सुई आणि हवेचा वेग ठरवतात. चूक सुधारणारा संगणक तिथे बहुधा नसतो. म्हणून एक्झॉस्टमधला वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर, इंजिनाचे फेरे, मॅनिफोल्डमधील दाब आणि थ्रॉटलची स्थिती यांची एकत्रित नोंद ठेवतात. मिश्रण नेमके कुठे पातळ पडते, ते तीतून दिसते. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनाला हवा-इंधनाचे वजनी प्रमाण १४.७ : १ लागते, पूर्ण भाराखाली ते १२.५ ते १३ च्या आसपास ठेवतात.

नॉक म्हणजे ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप पेटणे. त्यातून उठणाऱ्या दाबलहरींची वारंवारता सिलिंडरच्या व्यासावर अवलंबून असते; ८६ मिमी व्यासाला ती ६ ते ७ किलोहर्ट्‌झ भरते. ब्लॉकवर घट्ट आवळलेला पीझोइलेक्ट्रिक सेन्सर हा कंप पकडतो, मात्र व्हॉल्व्हचा आवाजही उचलतो. त्यामुळे गाळणी लागतेच. केवळ कानावर विसंबणे धोक्याचे आहे : जास्त फेऱ्यांना खटखट ऐकू येईपर्यंत पिस्टनला इजा झालेली असू शकते. नॉक दिसताच आधी ठिणगीचा आगाऊ कोन कमी करावा, मग जेट तपासावा. दोन्ही एकदम बदलल्यास नोंदीतून कारण उलगडत नाही.