एसटीतली राखीव जागा

शाळेत असताना एसटीत आमदार-खासदारांसाठी राखीव जागेची पाटी दिसली की आपण हसायचो. सांगोल्याची मुलं मात्र हसत नसत. त्यांचे आमदार खरंच एसटीने फिरायचे.

ते म्हणजे गणपतराव देशमुख, सगळ्यांचे आबा. १९६२ मध्ये शेतकरी कामगार पक्षाकडून सांगोल्यातून पहिल्यांदा निवडून आले, २०१४ मध्ये अकराव्यांदा. १९७८ आणि १९९९ मध्ये मंत्रीही झाले. पण बहुतेक काळ विरोधी बाकांवरच गेला. पक्ष आटत गेला, आबांनी तो सोडला नाही.

लोक अकराचा आकडा सांगतात. मला १९२ चा मोठा वाटतो. १९७२ चा पराभव त्यांनी १९७४ च्या पोटनिवडणुकीत भरून काढला होता. १९९५ मध्ये मात्र शहाजीबापू पाटलांकडून अवघ्या १९२ मतांनी पडले, तेव्हा वय सत्तरीला टेकलेलं. दुसरा कुणी घरी बसला असता. आबा नागनाथअण्णा नायकवडींबरोबर दुष्काळी तेरा तालुक्यांच्या पाणी परिषदेत कृष्णेच्या पाण्यासाठी भांडत राहिले आणि १९९९ ला पुन्हा विधानसभेत गेले.

२०१९ ला ते उभे राहिले नाहीत. ३० जुलै २०२१ रोजी आपल्या सोलापुरातच गेले. त्या रात्री सांगोल्याच्या मित्रांचे फोन उशिरापर्यंत येत होते.