उत्तर दिशा कुठे आहे? काशीच्या मुलांनी मानसशास्त्राला शिकवलेला धडा

काशीतील पारंपरिक संस्कृत पाठशाळेत शिकणाऱ्या मुलाच्या डोळ्यांवर पट्टी बांधली जाते. त्याला जागच्या जागी फिरवले जाते, मग दुसऱ्या खोलीत नेऊन दिशा विचारली जाते. मुलगा बोट दाखवतो, आणि ते बहुधा बरोबर असते. त्याच शहरातील हिंदी माध्यमाच्या शाळांतील मुलांना मात्र हे तितके साधत नाही. बनारस हिंदू विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ रमेशचंद्र मिश्र, जिनिव्हा विद्यापीठाचे पिएर दासेन आणि त्यांचे सहकारी यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगामागे साठ वर्षांचा वाद उभा आहे.

वादाची सुरुवात जिनिव्हातच झाली. १९४८ साली जाँ पियाजे आणि बार्बेल इन्हेल्डर यांनी मुलांच्या स्थलाकलनावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील ‘तीन पर्वतां’चा प्रयोग पुढे प्रत्येक पाठ्यपुस्तकात गेला. मेजावर तीन डोंगरांची प्रतिकृती, पलीकडे एक लाकडी बाहुली, आणि मुलाला प्रश्न : बाहुलीला काय दिसत असेल? लहान मुले स्वतःला दिसणारेच चित्र निवडत. यावरून स्थलज्ञान ‘मी’पासून सुरू होते आणि वाढत्या वयाबरोबर ‘मी’पासून सुटत जाते, असे सूत्र रूढ झाले. मार्टिन ह्यूज यांनी पुढे डोंगरांऐवजी लपणारा मुलगा आणि शोधणारे पोलीस अशी मांडणी केली, तेव्हा चार वर्षांच्या आसपासची मुलेही दुसऱ्याच्या जागेवरून सहज पाहू शकली. मुलाला प्रश्न समजला तर उत्तरही येते, एवढे तरी त्यातून दिसले.

दुसरा धागा अमेरिकेतला. १६ नोव्हेंबर १९६८ च्या पहाटे अर्धवट जागेपणी रॉजर शेपर्ड यांच्या मनःचक्षूंसमोर त्रिमितीय आकृत्या संथपणे फिरू लागल्या. त्यांतून साकारलेला प्रयोग जॅकलिन मेट्झलर यांच्यासह १९७१ साली ‘सायन्स’मध्ये आला. दहा घनांच्या दोन आकृत्या एकच आहेत की आरशातल्या, एवढे सांगायचे. आठ जण, चित्रांच्या सोळाशे जोड्या. दोन आकृत्यांमधील कोन वाढेल तसा उत्तराला लागणारा वेळ सरळ रेषेत वाढत गेला. सेकंदाला सुमारे साठ अंश, जणू मनात खरोखरच एखादी वस्तू फिरत आहे. भौतिकीच्या विद्यार्थ्याला हा आलेख पाहून आनंद व्हावा; मनाच्या व्यापारात इतकी स्वच्छ रेषा क्वचितच मिळते.

मात्र वस्तू मनात फिरवणे आणि स्वतःला मनाने दुसऱ्या जागी नेऊन उभे करणे, ही दोन निराळी कामे आहेत. मेरी हेगार्टी आणि डेव्हिड वॉलर यांनी २००४ साली दाखवले की, एकमेकांशी संबंध असला तरी या दोन वेगळ्या क्षमता आहेत. आणि दोहोंमागे एक गृहीत होते, जे बराच काळ कुणाच्या ध्यानात आले नाही : अक्ष देहाला जोडलेले असतात, डावे-उजवे हेच स्वाभाविक.

१९९० च्या दशकात नेदरलँड्समधील माक्स प्लांक संस्थेत स्टीफन लेव्हिन्सन आणि सहकाऱ्यांनी हे गृहीत तपासले. मेजावर खेळण्यातले प्राणी ओळीने मांडायचे, पाहणाऱ्याला अर्धवर्तुळ वळवून मागच्या मेजापाशी न्यायचे आणि ‘तसेच मांडा’ म्हणायचे. डाव्या-उजव्याने विचार करणारा ओळ स्वतःबरोबर फिरवतो. दिशांनी विचार करणाऱ्याची ओळ पूर्वेकडे तोंड करून होती तर पूर्वेकडेच राहते. मेक्सिकोतील त्सेल्ताल भाषिकांनी दुसरी रीत निवडली. एरिक पेडरसन यांना तामिळ भाषिकांत आणखी विलक्षण गोष्ट आढळली : भाषा एकच, पण ग्रामीण लोक दिशांवर भिस्त ठेवतात आणि शहरी लोक डाव्या-उजव्यावर. पेगी ली आणि लिला ग्लाइटमन यांनी २००२ साली आक्षेप घेतला की, खोलीच्या खिडकीतून काय दिसते यानेही उत्तर बदलते. भाषेला सारे श्रेय देऊ नये. वाद बराच तिखट झाला.

मिश्र आणि दासेन यांचे काम या भांडणात पडून राहिले नाही, हे त्याचे मोठेपण. काशी, तिच्या परिसरातील खेडी, नेपाळ, बाली आणि जिनिव्हा येथील मुलांशी त्यांनी वर्षानुवर्षे काम केले. त्यावरील ग्रंथ २०१० साली केंब्रिजने काढला. दिशांची भाषा वाढत्या वयाबरोबर विरून जात नाही, अनेक ठिकाणी ती वाढतेच, असे त्यांना दिसले. संस्कृत पाठशाळेतील मुलांचे कारण तर दैनंदिनीतच होते. पूजेला कुठे तोंड करून बसायचे, झोपताना डोके कुठे ठेवायचे, याचे नियम दिवसभर पाळणाऱ्याला दिशा सतत ध्यानात ठेवाव्या लागतात. तरीही ही मुले डाव्या-उजव्याला पारखी नव्हती. दोन्ही चौकटी त्यांच्यापाशी होत्या, कोणती वापरायची एवढीच निवड होती.

यात पणाला लागलेली गोष्ट शास्त्रीय परिभाषेपुरती नाही. देहकेंद्री मापनपट्टी हीच पट्टी मानली, तर ‘गाय विहिरीच्या पश्चिमेला आहे’ असे सांगणारे खेड्यातील मूल डावे-उजवे न उमगलेले, म्हणून मागासलेले ठरते. आयात केलेल्या बुद्धिमापन चाचण्या भारतात दीर्घकाळ वापरल्या गेल्या आहेत, तेव्हा ही शंका काल्पनिक म्हणता येत नाही.

आपल्या स्पर्धा परीक्षांत मात्र एक गंमत नकळत टिकून आहे. ‘एक माणूस उत्तरेकडे चालत जातो, उजवीकडे वळतो, पुन्हा उजवीकडे वळतो…’ या प्रश्नाचा आरंभ पृथ्वीच्या चौकटीत होतो आणि वळणे देहाच्या चौकटीत. परीक्षागृहात कित्येक उमेदवार अशा वेळी हळूच कागद फिरवतात, काही जण बाकावर स्वतःच किंचित वळतात.